फोटो कुणाच्या इच्छेने निघाला, तेही लिहा

प्रति,
जुन्या छायाचित्रांचे संग्रह सांभाळणाऱ्या संग्रहालयांचे, ग्रंथालयांचे आणि अभिलेखागारांचे संचालक, अभिरक्षक व नोंदणीकार

सप्रेम नमस्कार.

एकोणिसाव्या शतकात काढलेले माणसांचे फोटो आपण पेट्यांतून आणि अल्बमांतून बाहेर काढलेत, त्यांच्यावरची धूळ-बुरशी निगुतीने उतरवलीत, ते स्कॅन केलेत आणि कुणालाही केव्हाही पाहता येतील असे खुले केलेत. या कामामागचे कष्ट मला ठाऊक आहेत. दीडशे वर्षांची काचेची निगेटिव्ह तडा जाऊ न देता हाताळणे हेच मुळात धीराचे काम. हे फोटो यापुढे कसे वाचले जातील ते तुमच्या नोंदींवर ठरणार आहे, म्हणून जे मागायचे ते तुमच्याकडेच मागते आहे.

तुमच्या नोंदीत छायाचित्रकाराचे नाव असते, गाव असते, साल असते, तंत्र असते, मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी असते. त्यात एक रकाना वाढवा: हा फोटो कुणाच्या इच्छेने काढला गेला? समोर बसलेल्या माणसाने तो मागितला होता का, पैसे कुणी दिले, प्रती कुणाकडे गेल्या, आणि त्या माणसाला नकार देता आला असता का?

का, ते दोन फोटोंवरून सांगते.

सोजर्नर ट्रूथ ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय वक्ती. जन्म न्यूयॉर्क राज्यात, गुलामीत. पहिली भाषा डच. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे तिची भाषणे इतरांनी उतरवली, आणि सर्वांत गाजलेल्या वृत्तांतात तर तिच्या तोंडी दक्षिणेतल्या मळ्यांवरची बोली घातली गेली, जी तिची कधीच नव्हती. स्वतःच्या शब्दांवर तिचा ताबा राहिला नाही. फोटोवर मात्र तिने तो मिळवला. १८६४ च्या सुमारास तिने स्वतःची छोटी छायाचित्र-कार्डे काढून घेतली. पांढरी टोपी, खांद्यांवर शाल, साधा अंगभर पोशाख, हातात विणकाम. गुलामीच्या खुणा, फाटके कपडे, बघणाऱ्याच्या मनात कणव उपजावी असे काहीही तिने त्यात येऊ दिले नाही. कार्डाखाली तिने एक ओळ छापून घेतली, तिचा आशय असा: मूळ जगावे म्हणून मी सावली, म्हणजे माझा फोटो, विकते. ही कार्डे ती सभांमध्ये आणि टपालाने विकत असे; त्यावर तिचा चरितार्थ चाले. आणि कार्डाच्या पाठीवर छापलेले असे की या चित्राचा हक्क १८६४ साली सोजर्नर ट्रूथ हिच्या नावे नोंदवला आहे. छायाचित्रकाराच्या नावे नाही, तिच्या नावे.

दुसरा प्रसंग चौदा वर्षे आधीचा. मार्च १८५० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरी जोसेफ झीली या छायाचित्रकारापुढे सात गुलाम माणसांना आणून उभे केले गेले. हार्वर्डचे निसर्गशास्त्रज्ञ लुई अ‍ॅगासीझ यांना मानववंश मुळातच वेगवेगळे निर्माण झाले, या आपल्या सिद्धान्तासाठी पुरावा हवा होता. रेंटी आणि त्यांची मुलगी डेलिया, जॅक आणि त्यांची मुलगी ड्राना, अल्फ्रेड, फसेना, जेम. त्यांचे कपडे उतरवून समोरून, बाजूने फोटो काढले गेले. त्यांची नावे आज कळतात ती डॅगेरोटाइपच्या (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरच्या फोटोंच्या) डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांमुळे, आणि रेंटी यांच्या चिठ्ठीवर त्यांच्या नावासोबत मळ्याच्या मालकाचेही नाव आहे. १९७६ साली हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयाच्या माळ्यावर हे १५ डॅगेरोटाइप पुन्हा सापडले. आपण रेंटी यांचे वंशज आहोत असे सांगत टमारा लॅनियर यांनी २०१९ मध्ये विद्यापीठावर दावा लावला. २०२५ मध्ये तडजोड झाली आणि ती चित्रे साउथ कॅरोलायनातल्याच, चार्ल्स्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाकडे सोपवायचे ठरले.

आता हे दोन्ही फोटो एखाद्या सूचीत शोधा. ‘व्यक्तिचित्र, अमेरिका, एकोणिसावे शतक’ एवढे टाकले की दोन्ही शेजारी-शेजारी येतात. दोन्हींचे रकाने तेच, अक्षरांचा आकार तोच, खाली ‘प्रत मागवा’ हे बटणही तेच. एकीने स्वतः रचलेले, स्वतःच्या नावावर केलेले चित्र आणि एकीकडून कपड्यांसकट हिसकावून घेतलेले चित्र यांतला फरक तुमची नोंद दाखवत नाही. डेलियाच्या चेहऱ्याकडे पाहून तो कळेल, असे कुणी म्हणेल. कळेलही. पण असंख्य फोटो असे आहेत की ज्यांत चेहरा काहीच सांगत नाही, आणि तिथे नोंदीचाच आधार असतो.

हा फरक त्या शतकाच्या गाभ्यातला आहे. १८३९ पर्यंत स्वतःचे चित्र असणे ही श्रीमंतांची मिजास होती. ऑगस्ट १८३९ मध्ये पॅरिसमध्ये डॅगेरची रीत, म्हणजे डॅगेरोटाइप, जाहीर झाली. सुरुवातीला काही मिनिटे निश्चल बसावे लागे, म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकण लावत. पुढे भिंगे सुधारली, रसायने सुधारली, आणि १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची रीत (काचेवर चिकट द्रावणाचा थर देऊन तो ओला असतानाच फोटो घेण्याची) प्रसिद्ध केल्यावर काचेच्या एका निगेटिव्हवरून कागदावर हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. १८५४ मध्ये दिस्देरी या छायाचित्रकाराने पॅरिसमध्ये एकाच काचेवर अनेक छोटी चित्रे घेण्याचे पेटंट मिळवले. साधारण ६ बाय १० सेंटिमीटरचे ते कार्ड इतके स्वस्त पडले की दुकानदार, शिक्षिका, शिपाई, सगळेच स्टुडिओत जाऊ लागले. १८६० मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाची कार्डे विक्रीला आली आणि लोकांनी ती आपल्या आईवडिलांच्या कार्डांशेजारी त्याच अल्बममध्ये लावली. कोण असावे, कसे दिसावे, कुणाच्या पंगतीत बसावे, हे माणूस आता थोडे तरी स्वतः ठरवू शकत होता. फ्रेडरिक डग्लस यांना यातली ताकद सर्वांत आधी आणि सर्वांत खोलवर उमगली, असे मला वाटते. गुलामीतून निसटून आलेल्या या माणसाने आयुष्यभरात सुमारे १६० वेळा फोटो काढून घेतले. एकोणिसाव्या शतकात इतके फोटो निघालेला दुसरा अमेरिकन माणूस नाही. गोरे चित्रकार काळ्या माणसाचा चेहरा विकृत केल्याशिवाय रंगवूच शकत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती, आणि कॅमेऱ्याकडून त्यांना न्यायाची आशा होती. साधी मोलकरीणही आता स्वतःचे असे चित्र बाळगू शकते की जे पूर्वी राजांनाही पैसे टाकून मिळाले नसते, असे त्यांनी आपल्या भाषणात म्हटले आहे. ते फोटोत क्वचितच हसतात. आनंदी गुलामाचे जे चित्र अमेरिकेला आवडे, ते त्यांना कुणालाही द्यायचे नव्हते.

ज्या पॅरिसने दिस्देरीचे कार्ड दिले, त्याच पॅरिसच्या पोलिसांत १८८० च्या दशकात अल्फोन्स बेर्तियोंने पकडलेल्या माणसांची मापे आणि फोटो घेण्याची पद्धत बसवली: एक समोरून, एक बाजूने, ठरलेले अंतर, ठरलेला उजेड. ठाण्यात बसवलेल्या माणसाला पोशाख, हातातली वस्तू, नजरेची दिशा यांतले काही निवडता येत नव्हते. लंडनमध्ये शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७७ पासून तुरुंगातल्या कैद्यांचे फोटो एकावर एक छापून ‘गुन्हेगाराचा नमुना-चेहरा’ शोधायचा प्रयत्न केला. हाती आला तो मूळ फोटोंपेक्षा सौम्य, अधिक साधा चेहरा; वेगवेगळ्या चेहऱ्यांतला दुष्टपणा नाहीसा होऊन खालचे समान माणूसपण वर आले, हे खुद्द गाल्टन यांनीच लिहून ठेवले आहे. तरी प्रयोग थांबला नाही. लंडनमध्येच डॉ. बर्नार्डो यांच्या अनाथाश्रमाने मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो विकून देणग्या जमवल्या, मुलांना मुद्दाम अधिक भणंग दाखवल्याचा आरोप झाला आणि १८७७ च्या लवादाने ही रचलेली चित्रे गैर ठरवली. त्या मुलांचे फोटो आजही ‘रस्त्यावरचे मूल’ एवढ्याच मथळ्याखाली फिरताना दिसतात. दीड शतकापूर्वी खोटा ठरलेला पुरावा आपण पुन्हा खरा म्हणून मांडतो, याचे मला फार वाईट वाटते.

हिंदुस्थानात हा ताण अधिकच उघडा दिसतो. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी तिच्या कामात होते, त्यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे स्वतः कॅमेरा चालवत. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये शहरातल्या ‘जाती आणि जमातीं’चे दोन खंड काढले. त्यात स्टुडिओत काढलेली माणसे उचलून, वेगळ्या ठिकाणी घेतलेल्या दृश्यावर बसवून छापली होती. दुसरा खंड महाराष्ट्राचा. ज्या माणसांनी त्यासाठी पगडी नीट केली, पदर सावरला, त्यांच्या नावाच्या जागी त्यांच्या जातीचे नाव आले आणि त्यांच्यामागे ते कधी उभेही राहिले नव्हते अशी जागा आली. एका विशिष्ट माणसाचा ‘नमुना’ होण्याची प्रक्रिया इतकी स्पष्ट क्वचितच पाहायला मिळते.

सरकारी पातळीवर हेच काम ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाने केले. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादलेले त्याचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. प्रत्येक फोटोशेजारी मजकूर: ही जात विश्वासू, ती लबाड, ती राजनिष्ठ. १८५७ ताजे होते. कोणावर भरवसा ठेवावा हे राज्यकर्त्यांना चेहऱ्यांवरून शिकायचे होते. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला होते. हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या तिथल्या इंडिया ऑफिसात त्यांनी आणि त्यांच्या मुलाने, सय्यद महमूद यांनी हे पुस्तक पाहिले, आणि आपल्या देशाची माणसे अशी उघडीवाघडी मांडलेली पाहून ते व्यथित झाले. तिथे एका तरुण इंग्रजाने पाने उलटताना महमूदला विचारले, तू हिंदुस्थानी का? महमूदने हो म्हटले, चेहरा लाल झाला, आणि लगेच खुलासा केला की आपण हिंदुस्थानातल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, आपले पूर्वज परमुलखातून आलेले. सर सय्यद यांनी हा प्रसंग पत्रातून कळवला. मला तो वारंवार आठवतो. त्या पानावरच्या माणसाला कुणी काही विचारले नव्हते. आणि ते पान पाहणाऱ्या त्याच्याच देशाच्या तरुणाला त्याच्यापासून अंतर राखावेसे वाटले. फोटोने दोघांचीही ओळख बदलली.

आणि त्याच काळात जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह स्वतः कॅमेऱ्यामागे उभे राहून जनान्यातल्या स्त्रियांचे फोटो काढत होते, आणि कॅमेऱ्यापुढे बसून कधी शिवभक्त, कधी राजा अशी स्वतःची रूपे घडवत होते. हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला, तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला. त्या स्टुडिओत आलेल्या बाईने स्वतः यायचे ठरवले की घरच्यांनी धाडले, हे वेगळे प्रश्न आहेत. पण ती जॉन्सनच्या पानावरची बाई नव्हे. तुमच्या सूचीत मात्र दोघी ‘भारतीय स्त्री, पारंपरिक वेश’ अशाच उतरतात.

इच्छा कशी नोंदवायची, ती तर दिसत नाही, असे उत्तर मला मिळाले आहे. हरकत रास्त आहे, पण पुरावा आपण समजतो त्याहून पुष्कळ असतो, आणि तो बहुधा फोटोच्या पाठीवर असतो. म्हणून माझी अगदी व्यवहारी विनंती: पाठ स्कॅन करा. समोरची बाजू सुंदर रिझोल्यूशनमध्ये आणि पाठ कोरी समजून सोडलेली, असे अजूनही सर्रास आढळते. पाठीवर स्टुडिओचा छाप असतो, पत्ता असतो, ‘निगेटिव्ह जपून ठेवली आहे, प्रती केव्हाही मिळतील’ अशी ओळ असते, शाईने कुणीतरी ‘आमच्या मावशीस’ असे लिहिलेले असते. अमेरिकेत सप्टेंबर १८६४ पासून ऑगस्ट १८६६ पर्यंत फोटोंवर कर होता आणि त्याचे तिकीट पाठीवर चिकटवत. पाठ पाहिली की दोन वर्षांच्या आत साल ठरते, आणि विकत घेतलेला फोटो आहे हेही कळते. सोजर्नर ट्रूथचा हक्कही पाठीवरच छापलेला आहे. पाठ गाळली की तिने मिळवलेला ताबा आपण दुसऱ्यांदा काढून घेतो.

पाठीखेरीज इतर कागद असतात: स्टुडिओच्या वह्या, तुरुंगाची नोंदपुस्तके, रुग्णालयांची टिपणे, पुस्तकांच्या प्रस्तावना. डॉ. ह्यू डायमंड यांनी सरे परगण्याच्या मनोरुग्णालयात १८५० च्या दशकात रुग्ण स्त्रियांचे फोटो काढले आणि त्यांचा उपयोग काय, हे १८५६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंधात मांडले: रोगाच्या खुणा टिपणे, पळालेल्या किंवा परत आलेल्या रुग्णाला ओळखणे, आणि रुग्णाला स्वतःचेच रूप दाखवून त्याच्यावर उपचार करणे. हेतू लिहून ठेवलेला आहे. तो नोंदीत उतरवायला कोणत्याही तर्काची गरज नाही.

जिथे पुरावा नाही तिथे ‘ठरवता येत नाही’ असे लिहा. कोरा रकाना आणि ‘ठरवता येत नाही’ यांत फरक आहे. दुसऱ्यात कुणीतरी विचारले तरी होते. आणि मधल्या छटांना भरपूर जागा ठेवा, कारण बरेचसे फोटो मधलेच आहेत. मराठी वाचकांच्या ओळखीचा एक फोटो घ्या. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन परदेशी विद्यार्थिनी एकत्र बसल्या: आनंदीबाई जोशी साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, दमास्कसच्या सबात इस्लांबुली आपल्याकडच्या वेशात. खाली छापलेल्या मथळ्यात आनंदीबाईंचे नाव ‘आनंदाबाई’ झाले आहे, गाव म्हणून सेरामपूरचा अपभ्रंश आहे (त्या बंगालमधून निघाल्या होत्या, जन्माचे कल्याण तिथे नाही), आणि सबात यांची ‘तबात’ झाली आहे. तिघींच्या नावामागे ‘डॉक्टर’ आहे, आनंदीबाईंना पदवी मिळायला तेव्हा अजून पाच महिने होते. या फोटोत महाविद्यालयाला आपली कीर्ती किती दूरवर पोचली ते दाखवायचे आहे. आणि आनंदीबाईंना, ज्यांना देश सोडण्यापूर्वी धर्म आणि पोशाख यांवरून किती बोल ऐकावे लागले ते आपण जाणतो, साडी नेसून डॉक्टर होता येते हे दाखवायचे आहे, असे मला त्यांच्याकडे पाहून ठामपणे वाटते. दोन्ही इच्छा एकाच चौकटीत आहेत. नोंदीत दोन्ही येऊ शकतात: फोटोचा प्रसंग महाविद्यालयाचा, पोशाख विद्यार्थिनींच्या देशांचे, मथळ्यातल्या चुका मथळा लिहिणाऱ्याच्या, आणि खरी नावे अशी अशी.

यातून ‘कर्ता’ या रकान्याचाही विचार व्हावा. तिथे तुम्ही फक्त छायाचित्रकार लिहिता. कास्तिल्योनेच्या सरदारपत्नीने १८५६ पासून पॅरिसमध्ये पियेरसाँच्या स्टुडिओत चारशेहून अधिक फोटो काढून घेतले. वेश, बैठक, कोन, कित्येकांची शीर्षकेही तिने ठरवली. कर्ता म्हणून नाव लागते पियेरसाँचे. तिच्याबाबतीत अभ्यासकांनी ही चूक निदान चर्चेत तरी आणली, कारण ती उमराव होती. ज्या शिक्षिकेने आपल्या महिन्याच्या कमाईतून एका कार्डासाठी पैसे बाजूला ठेवले आणि हातात कोणते पुस्तक धरायचे ते ठरवले, तिलाही तुमच्या सूचीत सहकर्ती म्हणून जागा द्या, नाव माहीत नसले तरी.

आणखी एक जागा मला फार खटकते. तान्ह्या बाळाला स्थिर ठेवण्यासाठी आया स्वतः कापडाखाली लपून त्याला धरून बसत. छापताना अंडाकृती चौकटीने ते कापड झाकून टाकत. अशा फोटोंच्या नोंदीत नुसते ‘बालक’ लिहिलेले असते, आणि कित्येकदा ऑनलाइन ठेवताना कडा कापून उरलेसुरले कापडही काढलेले असते. आई तिथे आहे. तिचा हात बाळाच्या कमरेशी दिसतो. कापू नका, आणि ‘बालक व त्याला धरून बसलेली, झाकलेली स्त्री’ असे लिहा.

तंत्राबद्दल थोडे, कारण ओळखीच्या पुष्कळ चुका तंत्र न कळल्याने होतात. कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देते, तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ देतच नाही. त्यामुळे फिकट निळे डोळे फोटोत पांढुरके दिसतात, केशरी पगडी काळी दिसते, चेहऱ्यावरचे बारीकसे वांग ठळक होते आणि त्वचा प्रत्यक्षापेक्षा अधिक सावळी येते. असे असताना ‘कृष्णवर्णी, काळे फेटे बांधलेले पुरुष’ असले वर्णन फोटोवरून करणे धाडसाचे आहे. वंशशास्त्राच्या नावाने ज्यांनी याच काचांवरून माणसांचे वर्ण ठरवले, त्यांची चूक निदान आपण पुढे नेऊ नये. तसेच डॅगेरोटाइप आणि टिनटाइप (लोखंडी पत्र्यावरचा फोटो) यांत चित्र आरशासारखे उलटे येते. बिली द किड या बंदूकबाजाचा टिनटाइप पाहून तो डावरा होता असे लोक कित्येक दशके मानत राहिले. चित्र उलटे आहे का, स्कॅन करताना सुलटवले आहे का, हे दोन शब्दांत लिहिले तर साडीचा पदर कुठल्या खांद्यावर, अंगरख्याची नाडी कुठल्या बाजूला यांवरचे चुकीचे निष्कर्ष टळतील.

संगणकाने आपोआप लावलेल्या खुणांबद्दल मला खरी भीती वाटते. काही सूचींमध्ये आता चेहरा वाचून ‘दुःखी’, ‘वृद्ध’, ‘अमुक वंशाची स्त्री’ अशी लेबले चिकटतात. पन्नास सेकंद डोके टेकणाला लावून बसलेल्या माणसाच्या ओठांवरून त्याचे दुःख मोजणे हे गाल्टन यांच्याच वाटेने जाणे आहे, फक्त वेग जास्त. ही लेबले लावायचीच असतील तर ती यंत्राने लावली आहेत असे स्पष्ट लिहा, आणि सक्तीने काढलेल्या फोटोंना ती मुळीच लावू नका. त्या फोटोंमधले चेहरे चेहरे ओळखणाऱ्या प्रणालींना शिकवण्यासाठी देऊ नका. ते पोस्टरांवर, दिनदर्शिकांवर, भेटकार्डांवर विकू नका. अभ्यासासाठी ते खुले असावेत असेच मला वाटते, लपवून ठेवण्याने झालेला अन्याय पुसला जात नाही. पण पाहणाऱ्याने आधी परिस्थिती वाचावी आणि मग चित्र उघडावे, एवढी पायरी मध्ये घालता येते.

जुने मथळे खोडू नका, हेही सांगायला हवे. ‘लबाड जात’ असे छापले असेल तर ते तसेच राहू द्या, त्यापुढे ते कुणी, कोणत्या पदावरून आणि केव्हा लिहिले ते जोडा. आज तो मजकूर तुमच्या संस्थेच्या आवाजात वाचला जातो. तो लिहिणाऱ्याच्या नावावर परत जाऊ द्या. आणि वंशजांसाठी एक दार ठेवा. कुणी कळवले की ही माझी पणजी, तिचे नाव अमुक, तर त्या पत्राला दाखल क्रमांक द्या, कागद तपासा, आणि पटले तर नाव चढवा. रेंटी यांच्या बाबतीत हे न्यायालयापर्यंत जावे लागले. दर वेळी तसे व्हायचे कारण नाही.

हे सारे एका वर्षात होणार नाही, तुमच्याकडे माणसे कमी आहेत, निधी कमी आहे, हे जाणते. सुरुवात तुरुंग, मनोरुग्णालय, अनाथाश्रम, मळे आणि वंशशास्त्राच्या खंडांतल्या फोटोंपासून करा. तिथले हेतू लेखी आहेत, संख्या मर्यादित आहे, आणि तिथल्या माणसांनी सर्वांत जास्त वाट पाहिली आहे. त्यानंतर स्टुडिओंची कार्डे घ्या, पाठीसकट. वाचकांपैकी जुनी लिपी, जुन्या भाषा, जुने स्टुडिओ ओळखणारे पुष्कळ जण हे काम मोबदल्याशिवाय करायला तयार होतील. माझे नाव त्यांत पहिले धरा.

आपली,
एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांची एक अभ्यासक